प्राचीन भाषांची पदवी

दहावीचा निकाल लागला की संस्कृतात शंभरपैकी शंभर मिळवलेल्या मुलांचे घरोघर कौतुक होते. आठवीपासून तीन वर्षे ही मुले देव आणि माला चालवतात, लट् आणि लङ् घोकतात, सुभाषिते तोंडपाठ करतात आणि पेपरात एक गुणही सुटू देत नाहीत. पुढे कॉलेज सुरू झाले की त्यांतल्या बहुतेकांचे संस्कृत संपलेले असते. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ‘स्कोअरिंग’ म्हणून घरात आलेला विषय टक्केवारीचे काम झाले की निघूनच जाणार. वाईट वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. एवढी व्याकरणाची तयारी करून या मुलांनी त्या भाषेतले एकही पुस्तक मुळातून वाचलेले नसते. खऱ्या वाचनाची वेळ येते आणि नेमकी तेव्हाच ती बाहेर पडतात.

बारावीनंतर संस्कृत, पाली किंवा प्राकृत हा मुख्य विषय घेऊन बी.ए. करावे का, असा विचार ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे पुस्तक आहे. शंभर गुणवाल्यांसाठी ते आहेच. पण ज्यांच्या शाळेत संस्कृतची तुकडीच नव्हती, त्यांच्यासाठी जास्त आहे. ‘आमचा पाया कच्चा आहे, आता उशीर झाला’ असे म्हणणारे विद्यार्थी दर जूनमध्ये भेटतात. उशीर झालेला नसतो. युरोपात ग्रीक आणि लॅटिनच्या अभ्यासाला ‘क्लासिक्स’ म्हणतात. ऑक्सफर्डमध्ये ही पदवी चार वर्षांची असते: आधी पाच सत्रे भाषा आणि साहित्य, मग इतिहास, तत्त्वज्ञान, पुरातत्त्व यांकडे वळायचे. एके काळी तिथे ग्रीक आल्याशिवाय विद्यापीठात पाऊल ठेवता येत नसे. ग्रीकची ती अट 1920 मध्ये गेली, लॅटिनची 1960 मध्ये. आज शाळेत या भाषा न शिकलेल्यांसाठी ऑक्सफर्डने अभ्यासक्रमाची वेगळी वाट ठेवली आहे, आणि केंब्रिजमध्ये लॅटिन न येणाऱ्याला तीनऐवजी चार वर्षे दिली जातात. म्हणजे अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी अक्षरओळखीपासून सुरुवात करून पदवीपर्यंत होमर मुळातून वाचता येतो, हे त्यांनी गृहीतच धरले आहे. मराठी मुलाला तर देवनागरी येते, तत्सम शब्दांचा साठा जिभेवर असतो. त्याने आपली वाट निम्मी संपली आहे असे समजून निघायला हरकत नाही.

या पदवीत मिळते काय? ‘संस्कृतीची ओळख’ वगैरे उत्तरे मी देणार नाही; ती ओळख भाषांतरांतूनही होते. मिळते ते वाचन. एखादे वाक्य तळापर्यंत वाचणे, त्यातल्या प्रत्येक पदाला ‘तू इथे का आहेस’ असे विचारणे, आणि उत्तर येईपर्यंत पुढे न सरकणे. याची चव कळावी म्हणून दोन जागा जरा जवळून दाखवतो.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. रविवारी तिथे गर्दी असते. भिंतींवर कोरलेल्या ओळींकडे मात्र फार कोणी थांबून बघत नाही. त्यांतल्या बहुतेक ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहेत. कोणी लेणे दिले, कोणी पाण्याचे टाके दिले, कोणी भिक्षूंच्या वस्त्रासाठी रक्कम ठेवली, असा तो दानाचा हिशेब आहे. दात्यांत कल्याणचे व्यापारी आहेत, कल्याणचा सोनार आहे, सोपाऱ्याची माणसे आहेत. आता दुसरीकडून बघा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात, बहुधा इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची एक माहितीवजा पोथी लिहिली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात सोपारा आहे, चौल आहे, कल्याण आहे. भडोचहून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातले तेर, हेही तिच्यात आहे. कल्याणबद्दल तो व्यापारी सांगतो की थोरल्या सारगनच्या काळी हे रीतसर बाजाराचे बंदर होते, पण आता सत्ता बदलली आहे आणि तिथे चुकून पोचलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात.

हा सारगन म्हणजे सातकर्णी, असे अभ्यासक मानतात. एकाच किनाऱ्याबद्दल एक मजकूर डोंगरात प्राकृतात कोरलेला आहे आणि दुसरा समुद्रावरून आलेल्या माणसाने ग्रीकमध्ये लिहिलेला आहे. दोन्हींतून कल्याणचा बाजार दिसतो, पण निरनिराळ्या बाजूंनी. लेखात धर्मबुद्धीने दान देणारा सोनार आहे. पोथीत जकात, पहारा आणि अडवलेला माल आहे. मध्ये सातवाहन आणि क्षत्रप यांची भांडणे आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर धेनुकाकट गावच्या यवनांनी खांब दिल्याचे लेख आहेत. हे यवन कोण, ग्रीकच का, की तोवर हा शब्द परदेशी माणसासाठी सरसकट वापरला जाऊ लागला होता, यावर अजून वाद चालतो. दुसऱ्याच्या भाषांतरावर विसंबणाऱ्याला त्या वादात फक्त ऐकत बसावे लागते. लेखाचा ठसा स्वतः वाचणाऱ्याला बोलता येते.

दुसरी जागा पुण्यातली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था 1917 साली स्थापन झाली आणि 1919 मध्ये तिने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. 1259 हस्तलिखिते जमवून, ताडून, 1966 मध्ये ते पुरे झाले. त्यातले पान पहिल्यांदा उघडणारा विद्यार्थी बिचकतो. वर मोजक्या ओळी, आणि खाली निम्मे-अधिक पान बारीक टायपातल्या टिपांनी भरलेले. शारदा लिपीतल्या पोथ्यांत इथे काय आहे, नेपाळी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम् पोथ्यांत काय आहे, कोणत्या पोथीत हा श्लोक मुळीच नाही, हे सगळे तिथे खुणांनी नोंदलेले असते. वरच्या पाठातही जिथे संपादकांना पुरती खात्री नाही, तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ आहे. ‘इथे आम्हाला शंका आहे’ हे छापील पानावर उघड सांगणारी ती रेघ मला फार मोलाची वाटते. या आवृत्तीचे संपादक वि. सी. सुखठणकर केंब्रिजला गणित शिकले होते, मग बर्लिनला जाऊन भाषाशास्त्राकडे वळले. 1925 पासून 1943 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी या कामाला शिस्त घालून दिली.

आता यातून काय होते ते पाहा. व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. चिकित्सक आवृत्तीत ती मुख्य पाठात नाही, परिशिष्टात आहे. द्यूतसभेत द्रौपदी कृष्णाचा धावा करते आणि तो वस्त्रे पुरवतो, हा प्रसंग कीर्तनात आणि चित्रांत आपण शेकडो वेळा पाहिला. सभापर्वाच्या या आवृत्तीत तो धावा तळटिपेत गेला आहे. वस्त्रे येतात, पण कृष्णाचे नाव नाही. वर्गात हे वाचताना सुरुवातीला थोडी शांतता पसरते, मग कोणीतरी चिडून विचारते की संपादकांना हा अधिकार कोणी दिला. हा प्रश्न आला की शिकवणाऱ्याचे निम्मे काम झाले. कारण त्याचे उत्तर श्रद्धेत नाही आणि अश्रद्धेतही नाही. ते खालच्या टिपांत आहे. कोणत्या पोथ्यांत तो भाग आहे, कोणत्यांत नाही, जिथे आहे तिथे एकाच शब्दांत आहे का, हे बोट ठेवून पाहावे लागते. इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ मराठी घरांत आजही वाचले जाते. त्या पुस्तकाला हीच आवृत्ती आधाराला होती. तिच्यावाचून द्रौपदीचे आणि कुंतीचे ते वाचन तसे झाले नसते.

पदवीच्या वर्षांतच हे का करायचे? कारण याला रोजचा तास लागतो. नोकरी लागल्यावर, संसार सुरू झाल्यावर आवड म्हणून संस्कृत शिकणारे पुष्कळ असतात आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण दिवसाला दहा ओळी, पदच्छेद, अन्वय, विग्रह, कोशात धातू शोधणे, दुसऱ्या दिवशी वर्गात आपला अर्थ मांडून तो मोडून घेणे, हे सलग तीन वर्षे करायची फुरसत एकदाच मिळते.

पुण्याला ही परंपरा जुनी आहे. पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशातून 1821 साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तिचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले. 1866 मध्ये तिथे जर्मन पंडित किलहॉर्न आले आणि पुण्याच्या शास्त्र्यांकडे बसून महाभाष्य वाचू लागले. पाठ केलेले शास्त्र आणि पोथ्या ताडण्याची जर्मन पद्धत यांची गाठ इथे पडली. रामकृष्ण गोपाळ भांडारकर मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी, 1862 चे. त्यांनी शाळांसाठी लिहिलेल्या संस्कृतच्या पहिल्या-दुसऱ्या पुस्तकांवर कित्येक पिढ्या शिकल्या. वामन शिवराम आपटे यांचा कोश आजही विद्यार्थ्याच्या टेबलावर असतो. गुणांसाठी प्राचीन भाषा घेण्याची सवयही तितकीच जुनी आहे. आय.सी.एस.ची पहिली खुली परीक्षा 1855 मध्ये लंडनला झाली. तिच्यात लॅटिनला 750 आणि ग्रीकला 750 गुण होते, तर संस्कृतला आणि अरबीला 375. साम्राज्याच्या नोकरीसाठी कोणती जुनी भाषा किती मोलाची, हे त्या आकड्यांनी ठरवून टाकले होते.

या अभ्यासाची दुसरी बाजू लपवून ही प्रस्तावना लिहिता येणार नाही. संस्कृत शिकायची इच्छा असलेल्या बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत जातीमुळे ते घेता आले नाही, फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत ग्रंथांचा अभ्यास केला, पालीचे व्याकरण आणि शब्दकोश तयार केला. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या समग्र लेखनात तो छापला आहे. ज्याला वर्गाबाहेर ठेवले त्याने पुढे त्याच ग्रंथांची सर्वांत कठोर उलटतपासणी केली. नागपूरच्या कुमुद पावडे दलित घरातून येऊन संस्कृतच्या प्राध्यापिका झाल्या. या भाषेने आपल्याला काय दिले आणि ती शिकताना, शिकवताना काय सोसावे लागले, हे त्यांनी ‘अंतःस्फोट’मध्ये लिहिले आहे. प्राचीन भाषा शिकवणाऱ्या प्रत्येकाने ते पुस्तक पहिल्या तासाच्या आधी वाचावे. आज कायद्याने दार उघडे आहे. पण उच्चार ‘शुद्ध’ नाही म्हणून हसणारा वर्ग आणि ‘तुला कशाला हे’ असे डोळ्यांनी विचारणारा शिक्षक, एवढे दोघे दार पुन्हा लावायला पुरतात. गावाकडच्या मुलाचा ण आणि न तीन महिन्यांत सुधारतो. पहिल्या आठवड्यात झालेला अपमान तो तीन वर्षे विसरत नाही, आणि बहुधा तीन वर्षे राहतही नाही.

अडचणींतून वाट काढणाऱ्यांची माळ मराठीत मोठी आहे. धर्मानंद कोसंबी गोव्यातल्या साखवाळचे. बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यायचा या एका ध्यासाने 1899 मध्ये त्यांनी घर सोडले. पुण्याला, काशीला संस्कृतसाठी राहिले, नेपाळपर्यंत गेले, आणि 1902 मध्ये श्रीलंकेत पोचून पाली शिकले. पुढे हार्वर्डला ‘विसुद्धिमग्ग’च्या संपादनाचे काम केले आणि 1912 ते 1918 फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. पु. वि. बापटांसारखे अभ्यासक त्या वर्गातून तयार झाले. कोसंबींचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र मी विद्यार्थ्यांना नेहमी देतो. पदवी नसलेल्या माणसाने विद्यापीठाला विषय कसा दिला, हे त्यात आहे. पंडिता रमाबाईंना आई-वडिलांनी संस्कृत शिकवले आणि 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ म्हटले, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण केडगावला राहून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला, आणि सगळे बायबल त्या मूळ भाषांतून मराठीत आणले. हे काम त्या 1922 मध्ये वारल्या तोवर चालले होते. आपल्या भाषेतल्या क्लासिक्सच्या अभ्यासाचा इतिहास लिहायचा झाला तर त्यांचे नाव पहिल्या पानावर हवे.

म्हणूनच या पुस्तकात मी ‘संस्कृत’ असे न म्हणता ‘प्राचीन भाषा’ असे म्हणत आलो आहे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात दर्जा दिला, तेव्हा त्याच निर्णयात पाली आणि प्राकृतही होत्या. मराठीचे पेढे सगळीकडे वाटले गेले. प्राकृतच्या वर्गात किती मुले आहेत याची चौकशी फारशी कोणी केली नाही. खरे तर मराठीचे जुनेपण सिद्ध करताना आपण ज्या पुराव्यांकडे बोट दाखवतो, तो नाणेघाटातला नागनिकेचा लेख आणि हालाची गाथासप्तशती, ते दोन्ही प्राकृतात आहेत. नाणेघाटाच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे आहेत: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण. गाथासप्तशतीत शेत, नदी, सासू, प्रवासाला निघालेला नवरा असे चालते-बोलते जग आहे. मराठी घेऊन एम.ए. करणाऱ्याने महाराष्ट्री प्राकृत वाचू नये, ही मला आपल्या अभ्यासक्रमांतली मोठी उणीव वाटते. फारसीचेही तेच. सेतुमाधवराव पगडी आणि ग. ह. खरे यांनी फारसी साधने मराठीत आणली नसती, तर सतराव्या शतकाचा आपला इतिहास एकाच बाजूने लिहिला गेला असता. त्यांच्यानंतर ती जागा भरायला किती तरुण पुढे आले आहेत, हे इतिहास संशोधक मंडळात डोकावणाऱ्याने स्वतः पाहावे.

परीक्षांबद्दल स्पष्ट बोलतो. नेमलेल्या पुस्तकाचे मराठी भाषांतर पाठ करून बी.ए.ला पहिला वर्ग मिळवता येतो. बाजारात गाईड मिळतात, त्यांत श्लोक, अन्वय, भाषांतर, टीप सगळे तयार असते. असा पदवीधर रघुवंशाचा नेमलेला सर्ग धडाधड सांगतो आणि त्याच्या पुढच्याच सर्गातला श्लोक समोर ठेवला की थांबतो. यावर उपाय जुनाच आहे: पूर्वी न पाहिलेला उतारा. दर आठवड्याला एक, कोश घेऊन. दुसऱ्या वर्षापासून महिन्यातून एक, कोशाशिवाय. विद्यापीठ विचारो वा न विचारो, हे करा. या पुस्तकातला निम्मा भाग अशा उताऱ्यांचाच आहे, आणि त्यांची भाषांतरे मी मुद्दाम दिलेली नाहीत.

‘पुढे काय?’ हा आई-वडिलांचा प्रश्न रास्त आहे. कायम प्राध्यापकांच्या जागा थोड्या आहेत आणि त्या भरायला वर्षे लागतात. शाळेत शिकवण्यासाठी बी.एड. लागते. यू.पी.एस.सी.ला संस्कृत साहित्य हा वैकल्पिक विषय आहे. पाली मात्र 2013 मध्ये काढून टाकली गेली. हस्तलिखितांचे काम अफाट पडले आहे: एकट्या भांडारकर संस्थेत 28 हजारांच्या आसपास हस्तलिखिते आहेत, आणि डेक्कन कॉलेजात 1948 मध्ये सुरू झालेला, सुमारे दीड हजार ग्रंथांतून काढलेल्या चिठ्ठ्यांवर उभा असलेला संस्कृतचा महाकोश अजून चालूच आहे. हे काम करायला माणसे हवीत, पण अशा कामाचा पगार बेताचा आणि बऱ्याचदा प्रकल्प संपला की संपणारा. म्हणून जोडीला काहीतरी घ्या: ग्रंथालयशास्त्र, पुरातत्त्व, कायदा, संगणक. ज्यांना घरची जबाबदारी लगेच उचलायची आहे त्यांना मी कधीच भरीला घालत नाही. बाहेरही दिवस सोपे नाहीत. अमेरिकेतल्या हॉवर्ड विद्यापीठाने 2021 मध्ये आपला क्लासिक्सचा विभाग बंद केला. त्याच वर्षी प्रिन्स्टनने क्लासिक्सच्या पदवीसाठी ग्रीक किंवा लॅटिन यायलाच हवे ही अट काढून टाकली. विद्यार्थी वाढावेत म्हणून तो निर्णय झाला, त्यामागची तळमळ मला समजते. तरी तो मला पटत नाही. भाषा नसलेल्यांना आत घ्यावे आणि मग भाषा शिकवावी. तीच काढून टाकली तर आत येऊन त्यांच्या हाती वेगळे काय पडणार?

पुस्तक कसे वापरायचे ते सांगतो. पहिल्या सहा प्रकरणांत संधी, नामे, क्रियापदे आहेत. ज्यांनी दहावीपर्यंत संस्कृत केले आहे त्यांनी ती चाळून उतारे सोडवावेत, अडेल तिथे मागे यावे. नवख्यांनी एक प्रकरण दोन आठवडे पुरवावे आणि रूपे मोठ्याने म्हणावीत, चार जण मिळून म्हटली तर उत्तम. सातव्यापासून पाली आणि प्राकृत संस्कृतच्या शेजारी ठेवल्या आहेत. शेवटी ब्राह्मीचा तक्ता आणि लेण्यांतल्या दहा लेखांचे ठसे आहेत. मुंबई-पुण्याकडच्यांनी कान्हेरी किंवा कार्ले, नाशिककरांनी पांडवलेणी, जुन्नरकरांनी नाणेघाट असे आपापले जवळचे ठिकाण गाठावे आणि ठशावरचे वाचन प्रत्यक्ष दगडाशी ताडून पाहावे. सकाळी लवकर जावे; ऊन तिरपे असताना कोरीव अक्षरांच्या कडा स्पष्ट दिसतात, दुपारी त्याच ओळी वाचणे अवघड जाते. तक्ता पानातून सुटा काढता येईल असा छापून घेतला आहे.